भिंतीआडून बघितलेला खेळ

त्या साली सांगलीत सगळ्यांचेच डोळे आले होते. घरात एकाचे आले की सगळ्यांचे, मग शेजाऱ्यांचे, मग गल्लीचे. हळदीच्या पेठेत हमाल काळे चष्मे लावून पोती उचलायचे. काचांवर पिवळी धूळ बसायची, ती पुसायला कुणी चष्मा काढला की समोरचा माणूस तोंड फिरवायचा. नुसती नजर भिडली तरी साथ लागते, असं जो तो सांगत होता. शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली, त्या वर्षीचे गणपतीसुद्धा गुपचूप आले आणि गुपचूप गेले.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते ती अजून तिथंच होते. सयाजी पाच महिन्यांचा झाला होता. हे फौजेत, पंजाबात सरहद्दीवर. एकाहत्तर साल ते. सगळ्यांच्या रजा रद्द झालेल्या. यांनी लेकाचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. मी दर आठवड्याला कळवायची, आज असा हसला, आज कुशीवर वळला, जावळ विरळ आहे, कान मात्र तुमच्यासारखे. मी लिहीन तेवढंच त्यांचं लेकरू. म्हणून मी कधी वाढवून लिहिलं नाही. जावळ विरळ होतं तर विरळच लिहिलं.

आमच्या गल्लीत त्या घडीला अंगावर पाजणारी मी एकटीच. डोळे आले की आईचं दूध घालायचं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं. "चार थेंब दे गं बाई, पोराच्या डोळ्यांची लय आग होतीया." मी आतल्या खोलीत जायची, वाटीत थोडं काढून आणून द्यायची. गुण यायचा की नाही देव जाणे, पण माणसं समाधानानं वाटीवर हात झाकून परत जायची. आई कुरकुरायची.

"आधी पोराला पुरू दे की. गल्लीची डेरी झालीया हिची."

अशात एका दुपारी माझी धाकटी नणंद राही ट्रंक घेऊन दारात आली. ती सांगलीलाच कॉलेजात शिकत होती, वसतिगृहात राहायची. साथीमुळं वसतिगृह रिकामं केलं होतं. बाकीच्या पोरी आपापल्या गावी गेल्या. ही गेली नाही, कारण हिचे बास्केटबॉलचे सामने तोंडावर आले होते.

राही म्हणजे आमच्या सासरचं सगळं हाड तिच्यात उतरलेलं. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच. साताऱ्याला आत्याकडं राहून शाळा शिकली, तिथल्या खेळाच्या बाईंनी उंची बघून हिला चेंडूच्या नादाला लावलं. आमच्याकडं आल्यावर मैदान सुटलं, तर हिनं परसातल्या खिळ्याला हळद भरायचा, बूड गेलेला वेताचा हारा अडकवला आणि सयाजीच्या दुपट्यांचा गोळा करून त्यात टाकायला लागली. दुपटी पिवळी झाली. आई बोलली, मग आईनंच जुन्या लुगड्याचा चेंडू शिवून दिला. मी पाजायला बसले की राही मला खेळाचे कायदे सांगायची. चेंडू धरून पळायचं नाही, आपटत आपटत न्यायचा. अंगाला अंग लावायचं नाही. एका बाजूला पाचजणी. मला सगळं पाठ झालं.

सामने होणार की नाही तेच कळत नव्हतं. शेवटी कॉलेजनं ठरवलं, सामने घ्यायचे, पण बघायला गर्दी नको. एकेका खेळाडूमागं घरची दोनच माणसं. दारात डॉक्टर डोळे तपासणार, लाल दिसले की परत. आत वर्गातली बाकं लांब लांब मांडणार, एका बाकावर एकच माणूस.

"वैनी, एक तुम्ही," राही म्हणाली, "आणि एक आबा."

आबा म्हणजे माझे सासरे, हंबीरराव. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, पाटणजवळ कोयनाकाठी आमचं गाव, तिथं ऊस करायचे. त्यांना बोलावण्यामागं कारण होतं. या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडणार होते. निवड झाली तर पोरींना हिवाळ्यात उत्तरेकडं खेळायला नेणार होते आणि त्याला घरच्यांची परवानगी पाहिजे होती. इकडं आमचे चुलत सासरे आप्पासो साताऱ्यात काहीबाही ऐकून आले होते आणि चावडीवर म्हणाले होते, "सुभेदाराची पोर तिकडं गुडगं उघडं टाकून नाचतीया म्हनं." मामंजी तेव्हा एवढंच बोलले होते, "ऐकून मी कवा काय ठरवलं न्हाई. बघंन, मग बोलंन." आणि ते खरंच होतं. बैल घ्यायचा असो की सून करायची असो, त्यांनी कुणाच्या सांगण्यावर भरवसा ठेवला नाही. स्वतः जाऊन, दोन्ही बाजूंनी बघून यायचे.

"त्यांनी हो म्हटलं नाही तर?" मी विचारलं.

राहीनं लुगड्याचा चेंडू हातात फिरवला. "तर मग पुढच्या वर्षी माझं कॉलेजही नको म्हणतील आप्पासो. आणि मग लग्न."

मामंजी सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एसटीनं आले. सासूबाई आल्या नाहीत, त्यांचे डोळे आले होते. बायकोचे डोळे आल्या दिवसापासून मामंजी म्हणे गोठ्यात निजत होते, ताट बाहेर घेत होते, हात राखेनं घासत होते. लेकीचा खेळ बघायचा म्हणून स्वतःचे डोळे असे जपून आणलेले, आणि इथं आमच्या दारात पाऊल टाकतात तर माझ्या आईचे त्याच सकाळी आलेले. ती तोंडावर पदर घेऊन चुलीशी बसली होती.

दारात येण्याआधी ते खाकरले. त्यांचं खाकरणं मला चार वर्षं ओळखीचं. सासरे खाकरले की सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. चार वर्षांत ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते, मीही नाही. त्यात राग काही नव्हता, तशी रीतच होती. पाणी हवं असलं तर ते दाराच्या चौकटीला सांगायचे, "पानी मिळंल का." आता नातू झाल्यावर त्याला सांगायचे.

"आरं बाळा," त्यांनी सयाजीला उचलून सांगितलं, "तुज्या आईला म्हनावं, उद्या बाराला निघायचं."

रात्रीच्या जेवणानंतर आई आतूनच म्हणाली, "सुभेदार, घरात साथ हाय. तुमी आपलं डोळ्यात दूध घालून घ्या. सगळी गल्ली घेऊन जाती, तुमी तर घरचंच."

मामंजी पानाला चुना लावत होते, ते थांबले. "काय बोलताय इहीनबाई," असं पुटपुटले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. सुनेचं दूध म्हटल्यावर त्यांना कुठं बघावं कळेना. मीही भिंतीकडं तोंड करून बसले. राही मात्र पदरात तोंड खुपसून हसत होती.

सकाळी उठले तर चुलीपाशी कांद्याचा वास. मला वाटलं आईनं फोडणीला चिरला. मग बाराला निघताना मामंजी परसातून आले. पांढरा फेटा, कोट, कोटावर पदकांची पट्टी, मिशीला तेल. आणि डोळे गुंजेसारखे लाल.

"आबा, डोळे आले तुमचे," राही दोन पावलं मागं सरली.

"कुटलं आलं. रसाचं लाल झाल्यात. कांदा आन मध. गावच्या रंगूबाईनं घातला, तिला लागली न्हाई, म्या सोता बघितलं. ह्यो घातला की साथीची बिशाद न्हाई. उतरंल आता रस्त्यानं."

रस्त्यानं उतरलं नाही. उलट ऊन आणि धूळ लागून जास्त चढलं. आईचे डोळे आलेले म्हणून सयाजीला घरी ठेवता येईना, तो माझ्या काखेत. राही तयारीसाठी झपाझप पुढं निघून गेली. आम्ही कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा डॉक्टर खुर्चीवर बसून एकेकाची पापणी खाली ओढून बॅटरीनं बघत होते. शेजारी खेळाचे सर, आणि फाटकावर नाथाजी नावाचा शिपाई.

मामंजी डॉक्टरांसमोर कवायतीला उभं राहावं तसे उभे राहिले.

"सुभेदारसाहेब, डोळे आलेत तुम्हाला."

"आलं न्हाईत. कांदा घातलाय."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "काय घातलंय?"

"कांद्याचा रस. आन मध. साथ लागू न्हाई म्हनून."

सर दुसरीकडं बघून हसायला लागले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "खरं असेल तुमचं. पण आत बसलेल्यांना लाल डोळाच दिसणार, कांदा नाही दिसायचा. तुम्हाला सोडलं तर मागच्या कुणाला अडवू? थंड पाण्यानं धुवा आणि कृपा करून आता काही घालू नका. आणि बाई, हे तान्हं पोरही आत नको."

मला वाटलं मामंजी चिडतील. त्यांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. हुकूम म्हंजे हुकूम."

नाथाजी शिपायाला वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, "आवं सुभेदार, मागल्या अंगाला भिंत ढासळलीया. तितनं दिसंल."

"चोरून बघाय मी आलो न्हाई, गड्या." ते सयाजीकडं वळले. त्यांचे डोळे पाझरत होते. कांद्यानं की कशानं, मी बघितलं नाही. "बाळा, आपल्या दोगांस्नी मज्जाव हाय. तुज्या आईला म्हनावं, ती जाऊ दे आत. तिथं राहीचं कुनीतरी पायजे."

मी सयाजीला त्यांच्या हातात दिलं आणि आत गेले.

मैदान कसं म्हणून सांगू. एरवी सामन्याला म्हणे झाडांवरसुद्धा पोरं असतात. आता बाकांवर एकेक माणूस, मध्ये मोकळी जागा, जसं काही परीक्षेला बसलेत. चेंडू आपटला की त्याचा आवाज इमारतीवर जाऊन परत यायचा. मी मुद्दाम कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेलं बाक धरलं. भिंत काळ्या दगडाची, पुरुषभर उंच. पलीकडं रस्ता आणि कडुलिंब.

राही धावत आली. निळी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, वेण्या डोक्याला घट्ट गुंडाळलेल्या. मी पहिल्यांदाच तिला तशी बघत होते. मलाही क्षणभर नजर खाली घ्यावी वाटली, खोटं कशाला सांगू.

"आबा?"

मी सांगितलं. तिनं तोंडावर हात घेतला. हसावं की रडावं तिला कळेना. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाली, "म्हणजे चड्डी दिसणार नाही त्यांना. वैनी, त्यांनी विचारलं तर सलवार होती म्हणा. तुमचं ऐकतील."

मी काही बोलायच्या आत शिट्टी झाली.

सामना साताऱ्याच्या कॉलेजशी होता. त्या पोरी चपळ, आमच्या उंच. पहिल्यांदा काही मिनिटं मी नुसती बघतच राहिले. लुगड्याचा चेंडू हाऱ्यात टाकणारी राही निराळी आणि ही निराळी. चेंडू तिच्या हाताला दोरीनं बांधल्यासारखा येत-जात होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

माझा हात आपोआप पदराकडं गेला. डोक्यावरून पदर ओढला तेव्हा लक्षात आलं की मध्ये भिंत आहे. पलीकडच्या बाकावरची साताऱ्याची म्हातारी माझ्याकडं बघायला लागली.

पुन्हा खाकरणं. आणि मग, "आरं बाळा, तुजी आत्या काय करतीया रं?"

सयाजीला ती दिसत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. मी इकडं-तिकडं बघितलं. भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाले, "बाळा, आत्याकडं चेंडू आलाय."

"मोठ्यानं सांगा म्हनावं. बाळाला ऐकू येत न्हाई."

मग मी आवाज चढवला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आत्यानं चेंडू पुढं नेला. दुसरीला दिला. परत घेतला. टाकला. गेला, कड्यातनं गेला."

"गेला म्हंजे?"

"म्हंजे दोन गुण."

पलीकडून "हां" असा आवाज आला. सर माझ्याकडं यायला निघाले होते, ते अर्ध्यावर थांबले, भिंतीकडं बघितलं आणि परत फिरले. साताऱ्याच्या म्हातारीला मात्र राहवेना.

"निस्तं तुमच्याच पोरीचं सांगताय व्हय? आमच्या चंद्रीनं आत्ता दोन टाकलं, ते कोन सांगनार?"

"खरं हाय त्यांचं," भिंतीआडून आवाज आला. "दोनी बाजू सांगा म्हनावं. एका अंगानं सांगिटलेलं काय खरं."

मग मी दोन्ही बाजू सांगायला लागले. चंद्रीनं टाकला, आत्यानं अडवला, सातारा पुढं, सांगली पुढं. म्हातारी मला पोरींची नावं पुरवायला लागली. लांबच्या बाकावरचे दोघे-तिघे खेळ बघता बघता माझ्याकडं कान देत होते. मी आपली भिंतीला सांगत होते.

आणि मग त्यांनी ते विचारलंच.

"बाळा, आत्यानं आंगात काय घातलंय?"

राही मैदानाच्या त्या टोकाला होती. तिनं ऐकलं असावं, कारण ती माझ्याकडं बघायला लागली आणि चेंडू तिच्या बाजूनं निघून गेला. सलवार म्हणायला कितीसा वेळ. भिंत होती, ते आत येणार नव्हते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावर भरवसा टाकला होता, तो माझ्या. मला पंजाबातले हे आठवले. बाळाचं जावळ दाट आहे असं मी लिहिलं असतं तर ते तेच खरं धरून तिकडं बंदूक साफ करत बसले असते.

"निळी चड्डी हाय," मी म्हणाले. "गुडघ्याच्या वर. पांढरा सदरा. सगळ्याच पोरींनी तेच घातलंय."

पलीकडं काहीच नाही. खाकरणंही नाही. सयाजी कुरकुरला आणि ते कुरकुरणं रस्त्यानं लांब लांब जायला लागलं. मी सांगायची थांबले. राही तीन वेळा चुकली. म्हातारी हळूच म्हणाली, "गेलं वाटतं तुमचं सासरं."

मधल्या सुट्टीची शिट्टी झाली तशी मी फाटकाकडं पळाले. मामंजी रस्त्यावर फेऱ्या मारत होते. सयाजी खांद्यावर. ते चार पावलं जात, टाचेवर वळत, परत येत, आणि दबल्या आवाजात "लेफ्ट, राईट" म्हणत होते. पोर भुकेनं रडवेलं झालं होतं.

मी त्याला घेऊन कडुलिंबाच्या बुंध्याआड बसले. मामंजी माझ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून पहाऱ्यासारखे उभे राहिले. सयाजी घुटके घेत होता तेवढा आवाज.

"बाळा," ते पाठमोरेच म्हणाले, "चड्डीचं मला ठावं हुतं. आप्पासोनं सांगिटलं हुतं. म्हनलं, तुजी आई काय सांगती बघू."

मी मान खाली घातली.

"फौजेत आमी बी असलीच घालत हुतो. पळाया बरी पडती." मग थोडं थांबून, "पर पोरीला बघून कसं वाटलं असतं ते म्या न्हाई सांगू शकत. कदाचित उटूनच गेलो असतो. डोळं असून बी मानसाला एकच दिसतं कवा कवा." ते खाकरले. "आता राहिलेला खेळ तुजी आई सांगंल तसा. ती सांगंल ते म्या बघितलं."

मी उठून सयाजीला त्यांच्याकडं दिलं तेव्हा पोट भरून तो झोपला होता. आत जाताना राहीला नुसती मान हलवून दाखवली. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण ती सरळ उभी राहिली.

पुढचा खेळ मी कसा सांगितला मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बाळाचं नाव घ्यायचं मी मध्येच विसरले. राही पडली, गुडघा सोलवटला, रक्त आलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मामंजी, राही पडली."

चार वर्षांत पहिल्यांदा.

"उटली का?"

"उठली. लंगडतीया. पाणी नको म्हणाली."

"लागलंय किती?"

"रक्त हाय. पर पळतीया. मामंजी, ती पळतीया."

"पळू दे. सांग."

सांग म्हणाले. सांगा म्हनावं नाही. मी सांगत राहिले. शेवटी शेवटी सातारा एका गुणानं पुढं होता आणि चेंडू राहीच्या हातात. ती कड्याखाली पोचली. चंद्री आणि आणखी एक, दोघी तिच्या अंगावर. बाकीचं मैदान गप्प, मीसुद्धा गप्प झाले.

"काय झालं?" भिंतीपलीकडून.

"दोघी अंगावर हायत. बाजूला धाकटी मोकळी हाय. मामंजी, राहीनं तिला दिला."

"सोता न्हाई टाकला?"

"न्हाई. तिला दिला. धाकटीनं टाकला." चेंडू कड्यावर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि बाहेरच्या अंगाला पडला. लगेच शिट्टी. "गेला न्हाई. हरलो, मामंजी."

पलीकडून शांतपणे, "आन राही काय करतीया?"

मी बघितलं. धाकटी पोर मैदानातच बसली होती, तोंड गुडघ्यांत घालून. "राही तिच्याजवळ बसलीया. तिच्या पाठीवर हात ठेवलाय. आता उठवतीया तिला."

"ऱ्हाऊ दे. बास," मामंजी म्हणाले. "बघितलं."

शेजारच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच मला म्हणाली, "साथ न्हवं हां. आपलं असंच."

फाटकाशी राही आली ती रडतच. बापासमोर चड्डी नको म्हणून घाईघाईत वर साडी गुंडाळली होती, खालून बूट दिसत होते. डोळे लाल. खेळाचे सर मागून आले. म्हणाले, सुभेदारसाहेब, हरलो तरी पोरीचं नाव विद्यापीठाच्या यादीत जाणार, आता तुमच्या हातात. मामंजींनी हां नाही की ना नाही, नुसता रामराम केला. डॉक्टर सामान आवरत होते. त्यांनी राहीकडं बघितलं, मग मामंजींकडं.

"हिनंही कांदा घातला का?"

"न्हाई," मामंजी म्हणाले, "हिला रडाया कांदा लागत न्हाई. उपजतच हाय."

घरी येईतो त्यांच्या डोळ्यांची इतकी आग व्हायला लागली की ते चिंब केलेला रुमाल डोळ्यांवर धरून चालत होते. अंगणातल्या बाजेवर आडवे झाले. आई आतून म्हणाली, "आता तरी ऐका सुभेदार." मग माझ्याकडं बघितलं.

मी आत गेले. वाटी घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले. मामंजींचे डोळे मिटलेलेच होते. त्यांना वाटीचा आवाज कळला असावा.

"बाळा," ते म्हणाले, "हे तुज्या वाटनीचं हाय. तू देतूस का आज्ज्याला?"

सयाजी राहीच्या मांडीवर होता. राहीनं त्याची मूठ धरून हलवली. "देतो म्हणतोय."

"मग हरकत न्हाई."

राहीनं कापसाचा बोळा वाटीत बुडवला आणि त्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब सोडला. गालावरून पांढरं पाणी मिशीत गेलं. अंगणात कांद्याचा, हळदीचा आणि दुधाचा असा एकच वास झाला होता. मला वाटलं, मामंजी झोपले.

"राहे," डोळे मिटूनच ते म्हणाले.

"काय, आबा?"

"उत्तरंला थंडी लय असती. माजा फौजेतला सवेटर हाय गावाकडं ट्रंकंत. त्यो घेऊन जा."

राहीच्या हातातला बोळा वाटीत पडला.

दुसऱ्या दिवशी ते पाटणच्या एसटीनं गेले. पुढचं मला सासूबाईंकडून कळलं. चावडीवर आप्पासोनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय दादा, बघितला का खेळ पोरीचा? खरंच चड्डी असती व्हय?"

"असती," मामंजी म्हणाले. "निळी."

"मग?"

"मग काय. दोगी अंगावर आल्या तवा हिनं चेंडू धाकट्या पोरीला दिला. त्या पोरीनं चुकवला तर ही तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. म्या बघितलं."

"लाल डोळ्यानं?"

"न्हाई," मामंजी म्हणाले, "सूनबाई हुती की सोबत."